गासडी बांधण्याआधी

(निगडी येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणे झाले, कर्जावर झाले, विजेवर झाले. आमच्या वाट्याला कडबा आणि गवत आले आहे. विषय पुकारल्याबरोबर मागच्या रांगेतले तिघेजण चहाला उठले, ते आम्ही पाहिले. त्यांचा दोष नाही. ज्वारी म्हटली की आपण कणसाकडे बघतो. कडबा म्हणजे त्याच्याबरोबर आलेले काहीतरी, जनावराच्या तोंडी घालायचे, उरले तर विकायचे.

सरकार मात्र कडबा विसरत नाही. ज्वारीचा उत्पादनखर्च काढताना केंद्राचा कृषिमूल्य आयोग सगळा खर्च दाण्यावर टाकत नाही. दाण्याची किंमत आणि कडब्याची किंमत यांच्या प्रमाणात तो खर्च दोघांत वाटून टाकतात. म्हणजे दाण्याचा क्विंटलमागे खर्च तेवढा कमी दिसतो, आणि आधारभूत किंमत ठरवताना तोच कमी आकडा समोर असतो. वहीत कडबा हे आमचे उत्पन्न. आणि पाऊस हुकला, कडब्याला जरा भाव आला, की जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघतो, की चारा जिल्ह्याबाहेर न्यायचा नाही. २०२३ च्या कोरड्या पावसाळ्यात अनेक जिल्ह्यांत हे झाले. ज्या वर्षी विकून चार पैसे मिळायचे, त्या वर्षी रस्ता बंद. जनावरे जगली पाहिजेत, छावणीला चारा मिळाला पाहिजे, याबद्दल आमचे दुमत नाही. पण मग बाजारभावाने घ्या. हा मुद्दा ठरावात आलाच आहे, त्यावर आम्ही जास्त बोलत नाही. आज बोलायचे आहे ते आमच्याच हातून होणाऱ्या नुकसानीवर. भाव मागायला आपण खंबीर आहोत. पण ज्या मालाचा भाव मागतो तो माल गासडी फोडल्यावर कसा निघतो, हेही कधीतरी बघायला हवे.

बैठक निगडीला ठेवली तेव्हा काही जणांनी विचारले, कारखान्यांच्या गावात चाऱ्याचे काय? पहिले म्हणजे चाकण इथून हाकेच्या अंतरावर आहे. तिथला कांदा आणि १९८० चे रस्ता रोको यांच्याबद्दल या मांडवात कुणाला सांगायला नको. आंबेठाणची कोरडवाहू जमीनही त्याच बाजूला. दुसरे असे, की परभणी, बीड, लातूर, यवतमाळची आपली पोरे इथल्याच कारखान्यांत आणि ट्रान्सपोर्ट नगरीत राबतात. गावातला कडबा बांधायला माणूस मिळत नाही, कारण बांधणारा इथे आहे. आणि तिसरे, भक्ती-शक्ती चौकातून जुना मुंबई रस्ता जातो. तबेल्यांकडे, गोशाळांकडे, घोडे पाळणाऱ्यांकडे चारा नेणारा ट्रक याच वाटेने जातो. आमचाही एक ट्रक आला होता. त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

आमच्या गावातल्या बारा घरांनी एका वर्षी मिळून ठरवले, की बांधावरचे मारवेल, पडिकातले पवना गवत आणि दाट पेरलेले कडवळ असे सगळे एकत्र करून गासड्या बांधायच्या. पेंढ्यांचा ट्रक म्हणजे निम्मा हवेने भरलेला. भाडे मात्र पूर्ण ट्रकाचे. गासडी दाबून बांधलेली, तेवढ्याच ट्रकात कितीतरी जास्त माल बसतो. हिशेब बरोबर होता. भाड्याने बेलर आणला. परतीचा पाऊस होऊन गेला होता, मशिनवाल्याला पुढच्या गावाची घाई होती. आमच्यातले जुने जाणते म्हणाले, पहाटे बांधा, उन्हात पाला झडतो. पहाटे बांधले. तीनशे गासड्या झाल्या, एकेक बावीस किलोची. वजन भरले म्हणून आम्ही खूश. पत्र्याच्या शेडमध्ये भिंतीला भिंत लावून छतापर्यंत थापी लावली.

सहाव्या दिवशी शेडमधून वास यायला लागला. वाईट वास नव्हे. भाजक्या गुळासारखा, थोडा तंबाखूसारखा. काही जणांना तो चांगलाच वाटला. गासडीत हात घातला तर आत ऊब. तरी आम्ही ट्रक भरला. इकडच्या एका तबेलेवाल्याने फाटकावरच एका गासडीची दोरी कापली. पांढऱ्या धुराळ्याचा लोट उठला. त्याने दुसरी कापली, तिसरी कापली, आणि ट्रक वळवायला सांगितला. भांडण करायला आमच्याकडे तोंड नव्हते. येण्याचे भाडे, जाण्याचे भाडे, हमाली, सगळे अंगावर. माल गावी आणून उकिरड्यावर टाकला.

मागाहून आम्ही हिशेब केला. तीनशे गासड्या, बावीस किलोप्रमाणे सहासष्टशे किलो. त्या चाऱ्यात तीस टक्के ओल होती असे धरले, तर सुका भाग ४,६२० किलो. तोच चारा पंधरा टक्के ओलीवर बांधला असता तर वजन भरले असते ५,४३५ किलो. म्हणजे अकराशे किलोच्या वर जादा पाणी आम्ही दोरीने बांधून, भाडे देऊन, या चौकापर्यंत आणले होते.

चूक कुठे झाली? जुने जाणते चुकले का? नाही. पहाटे बांधा हे त्यांचे सांगणे पेंढीसाठी अगदी खरे आहे. दहिवराने पाला मऊ पडतो, मोडत नाही, म्हणून कडब्याची पेंढी आपण तांबडे फुटायच्या आधी बांधतो. पण बांधलेली पेंढी उभी करून ठेवतो. चार-सहा पेंढ्या एकमेकींना टेकवून बुचाड लावतो. तिच्यातून वारा फिरतो, दहिवर नऊ-दहा वाजेपर्यंत उडून जाते, ताटातली ओल पुढचे कित्येक दिवस हळूहळू निघत राहते. गंजी रचायची ती त्यानंतर. गासडीला ही सवलत नाही. मशिनने दाबले की वाट बंद. आत जे राहिले ते आतच राहते. आम्ही मशिन नवे घेतले आणि सवय पेंढीची ठेवली, त्याची ही किंमत.

म्हणून दोन ओली वेगळ्या ओळखा. एक वरची, दहिवराची. ती उन्हाबरोबर जाते. दुसरी आतली, काडीतली. हिरवे गवत कापतो तेव्हा शंभर किलोत सत्तर ते ऐंशी किलो पाणीच असते. पंचाहत्तर धरा. पंधरा टक्क्यांवर आणायचे तर त्या शंभर किलोचे जेमतेम एकोणतीस-तीस किलो गवत उरायला हवे. बाकी सगळे उन्हाने आणि वाऱ्याने न्यायचे आहे. पाला एका दिवसात कुरकुरीत होतो आणि माणसाला फसवतो. काडी अजून ओली असते, आणि काडीतही पेरापाशी ओल सगळ्यात शेवटी सुटते.

कापूसवाल्यांना हे नवे नाही. सीसीआयच्या केंद्रावर आठ टक्के ओलीपर्यंत पूर्ण दर, त्याच्या वर कपात, बाराच्या पुढे गाडी परत. ओली वेचणी ढीग लावून ठेवली की कापूस तापतो, पिवळा पडतो, हे शेंबडे पोरही सांगेल. आपण कापसाची ओल बोटाने ओळखतो, सरकी दाताखाली धरून ओळखतो. गवताला मात्र अंदाजाने सोडतो.

गवत सकाळी दहिवर उडाल्यावर कापा. जाड थर नको, पातळ पसरा. दुपारी एकदा उलटा. संध्याकाळी ओळीत ओढून घ्या म्हणजे रात्रीचे दहिवर फक्त वरच्या थराला लागेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा पसरा. ऊन आणि वारा चांगला असेल तर बारीक गवत तीन दिवसांत येते. ढगाळ असेल तर दिवस मोजू नका, काडी बघा. कडवळाला जास्त दिवस लागतात, ज्वारीच्या जाड ताटाला तर कितीतरी जास्त. जाड ताट गासडीत घालायचे तर आधी चेचून किंवा कुट्टी करून वाळवा.

काडी बघायची कशी? मूठभर गवत घेऊन दोन्ही हातांनी पिळा. पिळून सोडल्यावर काड्या तुटल्या असतील तर तयार; नुसत्याच वाकल्या असतील तर आणखी ऊन द्या. काडीवर नखाने खरवडा. साल सुटून येत असेल तर ओल आहे. ताट पेरापाशी चिरून आतला गाभा दाबा, बोटाला गार लागला तर थांबा. ज्यांना आकडाच हवा त्यांनी गवताचे बारीक तुकडे करून बरोबर शंभर ग्रॅम तोलावे, मंद आचेच्या तव्यावर हलवत राहावे, करपू देऊ नये, अधूनमधून तोलावे. वजन उतरायचे थांबले की जेवढे ग्रॅम कमी झाले तेवढे टक्के ओल. पंचाऐंशी ग्रॅम उरले तर पंधरा टक्के. वीस मिनिटांचे काम आहे आणि एका ट्रकाचे भाडे वाचवते. नमुना एकाच जागचा नको. बांधाच्या सावलीतला, खोलगट जागेतला, ओळीच्या तळचा, असा घ्या. आमच्या शेडमध्ये सगळ्यात आधी तापली ती लिंबाच्या सावलीतून आलेली गासडी.

पंधरा टक्क्यांच्या आसपास बांधलेली गासडी पावसाळा काढते. विसाच्या वर गेलात की बुरशी येणार हे धरून चाला. बुरशी आणि जंतू गवत खातात आणि त्यातून उष्णता निघते. उष्णता बाहेर जायला वाट नसली की साठते. पन्नास-पंचावन्न अंशांवर लक्ष ठेवा, साठ-पासष्टच्या पुढे काळजी करा, सत्तरच्या पुढे गवत आपले आपण पेटू शकते. कुणी विडी टाकली, कुणी दावा साधला, असे म्हणून गावात भांडणे लागतात. कधी कधी दावेदार ती ओली गासडीच असते. पहिले दीड महिना रोज थापीत लोखंडी सळई खुपसून ठेवा. अर्ध्या तासाने ओढा. हातात धरवली नाही तर थापी मोडायची वेळ झाली. पण फार तापलेली थापी एकट्याने उपसू नका. आत हवा शिरली की भडका होतो. आधी पाण्याची सोय करा, अग्निशमन बंबाला बोलवा.

गासडी या मुलखाला नवी नाही. उंबरगाव-डहाणूच्या जंगलपट्टीतले गवत दाबून मुंबईच्या तबेल्यांना जात असे. ते कापणारे वारली आदिवासी आणि मालक जमीनदार. १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या किसान सभेने वारल्यांचा संप केला तो याच गवतकापणीवर. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये ही मागणी होती. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, आदिवासी मारले गेले. परुळेकरांचे राजकारण वेगळे, आमचे वेगळे. पण संपाची वेळ बघा. पाऊस सरल्यावर गवत कापायचे दिवस थोडे असतात. दिवस टळले की गवत काडी होते, कस जातो, वखारीत माल येत नाही. तेवढ्या थोड्या दिवसांत कापणाऱ्याचा हात हीच सगळ्यात महाग वस्तू, हे त्या निरक्षर माणसांना कळले होते. आज आमच्याकडे तो हात भाड्याच्या बेलरचा आहे, आणि तेच थोडे दिवस आम्ही मशिनवाल्याच्या घाईप्रमाणे वापरतो. आमच्या बारा घरांनी पुढच्या वर्षी एवढेच केले. मशिन बोलावण्याचा दिवस मशिनवाल्याने नाही, काडीने ठरवायचा. त्यासाठी दोन दिवसांचे खोटीभाडे द्यावे लागले. दिले. बांधणी सकाळी अकराच्या पुढे सुरू केली, थोडा पाला झडला. झडू दिला.

आता मायबहिणींशी दोन शब्द, कारण गासडी फोडणे, गंजीतून पेंढ्या ओढणे, गोठा झाडणे हे काम त्यांच्याकडे असते. धूळ त्यांच्या छातीत जाते.

बुरशी म्हटली की आपल्याला ती नुसती काळी-पांढरी पूड वाटते. या चौकातून पुण्याकडे निघालात तर पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लागते. १९५४ साली उभी राहिलेली ही सरकारी कंपनी. तिथे पेनिसिलिन बनले, तेही बुरशीपासूनच. पण ती बुरशी कारखान्यात निवडून, टाकीत, नियमाने वाढवलेली. गासडीतली आपोआप आलेली आहे, आणि तिच्यात तापल्या गवतात वाढणारे जंतूही असतात. गासडी फोडली की त्यांची बारीक पूड उडते. ती इतकी बारीक असते की नाकात अडकत नाही, थेट फुफ्फुसाच्या तळाशी जाते. १९३२ साली इंग्लंडातल्या कॅम्पबेल नावाच्या डॉक्टरने बुरसटलेले गवत हाताळणाऱ्या शेतकऱ्यांचा हा आजार लिहून ठेवला. तिकडे त्याला शेतकऱ्याचे फुफ्फुस असेच नाव पडले.

हा आजार ओळखायची खूण लक्षात ठेवा. सकाळी धुळीचा चारा हाताळला, तर त्रास लगेच होत नाही. चार ते आठ तासांनी होतो. संध्याकाळी थंडी वाजून ताप, कोरडा खोकला, दम, अंगदुखी. एक-दोन दिवसांत उतरतो. आपण म्हणतो हवा बदलली, फ्लू झाला. पुन्हा चारा हाताळला की पुन्हा तेच. असे वर्षानुवर्षे चालले की फुफ्फुस कडक होते, आणि ते पुन्हा मऊ होत नाही. डॉक्टरकडे गेलात तर निमोनियाचे, नाहीतर टीबीचे औषध सुरू होऊ शकते, कारण चाऱ्याची गोष्ट तुम्ही सांगितलेलीच नसते. ती सांगा. काल सकाळी मी बुरसटलेला कडबा ओढला होता, हे एक वाक्य डॉक्टरला सांगा.

पदराने किंवा रुमालाने ही पूड अडत नाही. औषधांच्या दुकानात एन-९५ मास्क मिळतो, कोविडपासून सगळ्यांना माहीत आहे. तो घ्या. गासडी बंद गोठ्यात फोडू नका, उघड्यावर फोडा, वारा पाठीवर घेऊन. थोडे पाणी शिंपडा. दमेकरी माणसाला, लहान पोराला त्या वेळी जवळ ठेवू नका. घरातला पुरुषमाणूस म्हणेल, एवढ्याशा धुळीला काय घाबरायचे. त्याला एक महिना गासड्या फोडायला लावा.

जनावराचे काय? बुरसटलेला चारा ते आधी हुंगते आणि बाजूला सारते. आपण म्हणतो, माजले आहे. दुसरे काही मिळाले नाही की खाते. दूध उतरते, खोकला लागतो, गाभण जनावर गाभडू शकते. घोड्याला तर धुळीचा दमाच लागतो, म्हणून घोडेवाला भाव सगळ्यात चांगला देतो आणि गासडी सगळ्यात बारकाईने बघतो. बुरशीतले विष हा आणखी वेगळा विषय. सरकीची ढेप, भुईमुगाची पेंड, मका ओले राहिले तर अफ्लाटॉक्सिन तयार होते आणि ते दुधात उतरते. १९७४ साली राजस्थान-गुजरात सीमेवरच्या आदिवासी भागात बुरसटलेला मका खाऊन शंभरावर माणसे दगावली. चांगल्या चाऱ्यात थोडा थोडा मिसळून बुरसटलेला संपवून टाकू, असे आपल्यातले बरेचजण करतात. आम्हीही करत होतो. करू नका. खड्ड्यात घाला, खत होईल.

थापीबद्दल थोडक्यात. खाली दगड किंवा पऱ्हाटीचा वीतभर थर घाला, गासडी जमिनीवर टेकू देऊ नका. भिंतीपासून हातभर सोडा. ओळींमध्ये वारा जायला फट ठेवा. पहिले काही आठवडे प्लॅस्टिकने चहूबाजूंनी गुंडाळू नका, आत घाम धरतो; फक्त वरून झाका. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आठवा. उन्हाळी दिवस म्हणून गंज्या उघड्या होत्या, आणि मालदांडीचा पांढराशुभ्र कडबा आठवड्यात काळा पडला. त्या मालदांडीतून मोहोळच्या केंद्रात निवडलेली एम ३५-१ अजून आपल्या रानात आहे, तिच्या कडब्याला अजून गिऱ्हाईक आहे. खरिपाची ज्वारी जाऊन सोयाबीन आले तेव्हापासून चांगला कडबा मिळणेच अवघड झाले आहे. गिऱ्हाईकाला गरज आहे. फक्त त्याने दोरी कापली की धूळ उडता कामा नये.

भाव ठरवताना वजनाबरोबर ओलही मोजा असा आग्रह आपणच धरायचा आहे. व्यापाऱ्याला ते नको असते. ओल न मोजता तो सगळ्याच मालाला ओल्याचा भाव लावतो आणि सुक्या मालावर नफा काढतो. गेल्या दोन हंगामांत आम्ही ट्रकाबरोबर तव्याचा हिशेब लिहून पाठवतो, कोणत्या रानातले गवत, किती टक्के. पहिल्या खेपेला हसले. दुसऱ्या खेपेला घासाघीस केली. गेल्या खेपेला फाटकावर दोन गासड्या फोडल्या आणि ट्रक आत घेतला. भाव किती मिळाला ते इथे माइकवरून सांगत नाही, जेवताना विचारा.

मैदानाच्या कडेला तीन गासड्या ठेवल्या आहेत. एक पंधरा टक्क्यांवर बांधलेली, एक पहाटे बांधलेली, आणि एक आमच्या त्या जुन्या लॉटमधली, मुद्दाम राखून ठेवलेली. जेवणानंतर तिन्ही फोडून दाखवायच्या आहेत. तवा आणि तराजूही आणला आहे. तिसरी फोडताना सगळ्यांनी वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहावे, आणि ज्यांना दमा आहे त्यांनी मांडवातच थांबावे.